हुकूमशाही पडल्यावर पहिल्या वर्षात काय करून ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा: हुकूमशाही पडल्यावर कायद्याचं राज्य आणि मानवी हक्क उभे करायचे, तर सुरुवात कुठून करायची? नवी राज्यघटना, निवडणूक, खटले, की आधी समेट? आणि जुन्या राजवटीच्या लोकांना माफी देऊन टाकली तर देश लवकर सावरत नाही का?

माझं उत्तर आधीच सांगतो. सुरुवात पुराव्यापासून करायची, आणि त्याच वर्षात कायद्याची जितकी दारं उघडता येतील तितकी उघडून ठेवायची. कारण पुढच्या चार-पाच वर्षांत त्यातली बरीच दारं पुन्हा बंद केली जातात. हुकूमशहा जातो, पण त्याच्या काळातले फौजदार, न्यायाधीश, शवविच्छेदन करणारे डॉक्टर आणि कारकून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खुर्चीवर येऊन बसतात. त्यांना आपली कातडी वाचवायची असते. नव्या सरकारला मात्र महागाई, कर्ज आणि लष्कराची धास्ती यांतून डोकं वर काढायला फुरसत नसते.

मी आधी फौजदारी वकिली केली आणि नंतरची बरीच वर्षं बेपत्ता माणसांच्या प्रकरणांत, वेगवेगळ्या देशांतल्या वकिलांबरोबर काम केलं. या प्रश्नावर मी नेहमी अर्जेंटिनाचं उदाहरण घेतो. तिथे सगळंच घडून गेलं आहे: धाडसी खटला, भीतीपोटी घेतलेली माघार, मग माफी, आणि वीस वर्षांनी पुन्हा उघडलेली तीच प्रकरणं. कुठल्या निर्णयाचं पुढे काय झालं, हे तिथे चाळीस वर्षांच्या अंतरावरून तपासता येतं.

२४ मार्च १९७६ ला लष्कराने इसाबेल पेरॉन यांचं सरकार उलथवलं. भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्या प्रमुखांची ‘हुंता’ सत्तेवर बसली. पहिल्या हुंतात विदेला, मासेरा आणि आगोस्ती होते. डाव्या सशस्त्र गटांचा बंदोबस्त हे कारण दिलं गेलं, पण कामगार पुढारी, विद्यार्थी, शिक्षक, वकील, पत्रकार, ख्रिस्ती जोगिणीसुद्धा उचलल्या गेल्या. माणसाला रात्री घरातून न्यायचं, डोळ्यांवर पट्टी बांधून गुप्त छावणीत ठेवायचं, छळ करायचा, मारायचं आणि प्रेत नाहीसं करायचं. कित्येकांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून रिओ दे ला प्लाता नदीच्या मुखाशी किंवा समुद्रात फेकलं. अटकेची नोंद नाही, प्रेत नाही, त्यामुळे कागदोपत्री गुन्हाच घडलेला नाही.

घरचे लोक न्यायालयात जायचे. बंदीप्रत्यक्षीकरणाचे, म्हणजे ताब्यातल्या माणसाला न्यायालयापुढे हजर करा अशी मागणी करणारे, हजारो अर्ज दाखल झाले. न्यायाधीश पोलिसांना आणि लष्कराला विचारणा पाठवायचे, ‘अशी व्यक्ती आमच्या ताब्यात नाही’ असं उत्तर यायचं आणि अर्ज निकालात निघायचा. १८५३ ची राज्यघटना या सगळ्या काळात कागदावर शाबूत होती. हुंताने तिच्यावर स्वतःचे नियम बसवले होते आणि न्यायाधीशांना त्या नियमांची शपथ दिली होती.

आपल्याकडच्या वाचकांना हे अगदीच परकं वाटायला नको. २८ एप्रिल १९७६ ला, त्या उठावानंतर जेमतेम महिनाभराने, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक मताने ठरवलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी याच्या उलट मत दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयात एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात उभे राहिले. आणीबाणी उठल्यावर दोन वर्षांच्या आत संसदेने ४४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. आठवणी ताज्या होत्या, म्हणून ती झाली. अशा दुरुस्त्यांना फार थोडा काळ मिळतो, आणि म्हणूनच मी पहिल्या वर्षावर एवढा भर देतो.

१९८२ मध्ये माल्विनास, म्हणजे फॉकलंड, बेटांसाठी ब्रिटनशी केलेलं युद्ध हरल्यावर हुंताची उरलीसुरली पत गेली. जाता जाता तिने दोन गोष्टी केल्या. सप्टेंबर १९८३ मध्ये स्वतःलाच माफी देणारा कायदा काढला. आणि अखेरचे लष्करी अध्यक्ष बिन्योने यांनी कैद्यांसंबंधीची कागदपत्रं नष्ट करायचा गुप्त हुकूम दिला. लष्करातल्या वकिलांना पुढे काय येणार याचा नेमका अंदाज होता, हे यावरून दिसतं. पुरावा आणि माफी या दोनच गोष्टींवर त्यांनी शेवटचे महिने खर्च केले.

३० ऑक्टोबर १९८३ ची निवडणूक राउल आल्फोन्सिन जिंकले. त्यांचे प्रतिस्पर्धी लुदेर यांचं म्हणणं होतं की हा स्व-माफीचा कायदा पुढे रद्द केला, तरी त्याचा फायदा आरोपींना मिळणारच. कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणं वेडगळ नव्हतं. गुन्हा घडल्यापासून निकालापर्यंत कायदा बदलत गेला, तर त्यातल्या सर्वांत सौम्य कायद्याचा लाभ आरोपीला द्यायचा, हे फौजदारी कायद्याचं मान्य तत्त्व आहे. म्हणजे माफीचा कायदा नुसता मागे घेतला असता, तर तो आरोपींच्या पदरात कायमचा पडला असता. आल्फोन्सिन यांचे सल्लागार कार्लोस निनो हे कायद्याचे तत्त्वज्ञ होते. लोकांनी निवडून न दिलेल्या सत्तेच्या हुकमाला लोकशाही कायद्याइतकं वजन आपोआप मिळत नाही, अशी त्यांची मांडणी होती. डिसेंबर १९८३ मध्येच नव्या संसदेने तो कायदा मुळापासूनच शून्य ठरवला. नव्याने सत्तेवर आलेल्यांना मी हा भाग आवर्जून सांगतो: जुन्या राजवटीचे माफीचे हुकूम ‘रद्द’ करू नका, ते जन्मतःच अवैध होते असं जाहीर करा. मसुद्यातल्या या एका वाक्यावर पुढची वीस वर्षं अवलंबून असतात.

त्याच वेळी त्यांनी आणखी एक शहाणपण दाखवलं. मागच्या तारखेपासून लागू होणारा एकही नवा गुन्हा तयार केला नाही. खून, बेकायदा डांबून ठेवणं, छळ, लूट हे सगळे गुन्हे १९७६ च्या आधीपासून अर्जेंटिनाच्या दंडसंहितेत होते. खटले त्याच कलमांखाली चालले. राजवट पडल्यावर लोकांचा संताप टिपेला असतो, फाशीची मागणी होते, खास न्यायालयं आणि खास कायदे हवे असतात. तो संताप मला समजतो आणि तो रास्तच आहे. पण खास कायद्याने दिलेली शिक्षा पुढचं सरकार खास कायद्यानेच पुसून टाकतं. जुन्या, सगळ्यांना लागू असलेल्या कायद्याने दिलेली शिक्षा पुसायला त्याला फार कष्ट पडतात.

आता पुरावा. सूत्रं हाती घेतल्यावर पाचव्या दिवशी, १५ डिसेंबर १९८३ ला, आल्फोन्सिन यांनी बेपत्ता व्यक्तींसाठी राष्ट्रीय आयोग नेमला; अध्यक्षपदी लेखक एर्नेस्तो साबातो. आयोगाला शिक्षा देण्याचा अधिकार नव्हता, कुणाला सक्तीने साक्षीला बोलावताही येत नव्हतं. राजधानी ब्युनोस आयर्समधल्या प्लासा दे मायो चौकात पांढरे रुमाल बांधून फेऱ्या घालणाऱ्या, बेपत्ता मुलांच्या आयांना तो पुरेसा वाटला नाही. त्यांना अधिकार असलेला संसदीय आयोग हवा होता. त्यांची मागणी योग्य होती असं मला आजही वाटतं. तरीही या आयोगाने जे काम केलं, ते पुढच्या प्रत्येक देशाने समोर ठेवावं असं आहे.

कागद जाळलेले होते, तेव्हा छावण्या शोधायच्या कशा? जिवंत सुटलेल्या माणसांच्या आठवणींतून. डोळ्यांवर पट्टी होती, पण पट्टीखालून फरशीचा रंग दिसलेला असतो. जिन्याच्या पायऱ्या मोजलेल्या असतात. जवळून जाणाऱ्या गाडीचा आवाज, लोखंडी दाराचा करकराट, शौचाला नेताना कुठे वळवलं, हे अंगात मुरलेलं असतं. एकमेकांना कधी न पाहिलेल्या माणसांनी काढलेले कच्चे नकाशे जुळू लागले. मग आयोगाने सुटलेल्यांना बरोबर घेऊन त्या जागांवर पाहणी केली. एखादी भिंत नंतर पाडलेली असायची, पण पायऱ्या तितक्याच भरायच्या.

२० सप्टेंबर १९८४ ला आयोगाने अहवाल दिला. त्यात ८,९६१ बेपत्ता व्यक्ती आणि सुमारे ३४० गुप्त छावण्यांची नोंद होती. मानवी हक्क संघटना ३०,००० हा आकडा धरतात आणि त्यावरून तिथे अजून वाद घातला जातो. आयोगाचा आकडा म्हणजे त्या तारखेपर्यंत कुणीतरी धैर्य करून ज्यांची तक्रार नोंदवली, तेवढीच माणसं. खेड्यातलं गरीब कुटुंब, अख्खंच नाहीसं झालेलं कुटुंब, भीतीने गप्प बसलेलं कुटुंब त्यात येत नाही. अशा आयोगाने आकडा देताना प्रत्येक वेळी ‘आतापर्यंत नोंदवलेल्या तक्रारी’ असंच लिहावं, नाहीतर पुढे आकड्याच्या वादात माणसं हरवतात.

या आयोगाचं खरं यश त्याच्या फायलींमध्ये आहे. प्रत्येक प्रकरणाला क्रमांक होता. जबानीत तारीख, जागा, कोणाबरोबर ठेवलं होतं, कोणाचा आवाज ऐकला, कोणतं टोपणनाव कानावर पडलं, हे सगळं होतं. त्यामुळे सरकारी वकिलाला त्यावर आरोपपत्र उभं करता आलं. मी पाहिलेल्या बऱ्याच ठिकाणी याच्या उलट घडतं. चांगल्या मनाचे लोक पीडितांना पुन्हा पुन्हा बोलायला लावतात. पत्रकार, संस्था, परदेशी संशोधक, प्रत्येक जण वेगळी नोंद करतो, आणि मग न्यायालयात बचावाचा वकील त्यातल्या बारीक विसंगती एकेक करून बाहेर काढतो. छळ सोसलेल्या माणसाची जबानी एकदाच, सावकाश, प्रशिक्षित माणसाने, न्यायालयात टिकेल अशा रीतीने घ्यावी. त्याआधी त्याच्याजवळ कॅमेरा नेऊ नये.

८ डिसेंबर २०२४ ला सीरियात असद राजवट कोसळली, तेव्हा सेदनाया तुरुंगात आपली माणसं शोधायला धावलेल्या नातेवाइकांची दृश्यं आपण पाहिली. तुरुंगाची कागदपत्रं जमिनीवर पसरली होती, लोक ती उचलून नावं वाचत होते. त्या लोकांना कोण बोल लावेल? पण कुठला कागद कुठल्या खोलीत, कुठल्या कपाटात होता, ही माहितीसुद्धा पुरावाच असते, आणि ती काही तासांत गेली. राजवट पडायच्या आधीच वकिलांच्या आणि नातेवाइकांच्या संघटनांनी ठरवून ठेवायला हवं की त्या दिवशी कुठल्या इमारतीपाशी कोण उभं राहील. तुरुंग, गुप्तचर खात्याची कचेरी, शवागार, दफनभूमीचं कार्यालय, लष्करी रुग्णालय. दफनभूमीच्या नोंदवह्या लोक नेहमी विसरतात. अर्जेंटिनात बेवारस म्हणून पुरलेल्यांच्या नोंदी अनेक ठिकाणी शाबूत राहिल्या, कारण लष्कराला त्या जाळाव्यात असं सुचलंच नाही.

हाडांच्या बाबतीत तर सुरुवातीला अनर्थच होत होता. १९८४ च्या सुरुवातीला न्यायाधीशांच्या हुकमाने बेवारस कबरी यंत्रं लावून उकरल्या जात होत्या. कवट्या फुटल्या, एका माणसाची हाडं दुसऱ्याच्या हाडांत मिसळली, गोळ्या मातीबरोबर फेकल्या गेल्या. मानवी हक्क संघटनांच्या विनंतीवरून अमेरिकेतले न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो तिथे आले आणि त्यांनी हे थांबवायला सांगितलं. अनुभवी मंडळी पुढे येईनात, तेव्हा स्नो यांनी पुरातत्त्व आणि मानवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरलं. त्यातूनच अर्जेंटिनाचं न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक तयार झालं. पुढे त्याने अनेक देशांतल्या सामूहिक कबरींवर काम केलं.

आज्यांची गोष्ट तर याहून विलक्षण. छावण्यांत गरोदर स्त्रिया बाळंत झाल्या, बाळं लष्करी आणि पोलिसी घरांत वाटली गेली, आयांना मारून टाकलं. १९७७ पासून या बाळांच्या आज्या संघटित होत्या. त्यांनी शास्त्रज्ञांना एकच प्रश्न विचारला: आईवडील हयात नसतील तर आजीच्या रक्तावरून नातू ओळखता येईल का? अमेरिकेतल्या आनुवंशशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शक्य करून दाखवलं. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून राष्ट्रीय आनुवंशिक माहितीपेढी उभारली. आज्या म्हाताऱ्या होत होत्या. आपण गेल्यावरही नातवंडं सापडावीत म्हणून त्यांनी रक्ताचे नमुने जपून ठेवायला लावले. आतापर्यंत १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे.

खटल्याबद्दल बरंच लिहिलं गेलं आहे, म्हणून मी फक्त वकिलाच्या नजरेतून महत्त्वाच्या वाटलेल्या गोष्टी सांगतो. आल्फोन्सिन यांनी आधी लष्करी न्यायालयालाच आपल्या वरिष्ठांचा न्याय करायची संधी दिली, मात्र ठरावीक मुदतीत. टाळाटाळ झाली तर प्रकरण नागरी न्यायालयाने स्वतःकडे घ्यायचं. लष्करी न्यायालयाने आदेशांत काहीच आक्षेपार्ह नाही असं कळवलं आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये ब्युनोस आयर्सच्या संघीय अपील न्यायालयाने खटला आपल्याकडे घेतला. २२ एप्रिल १९८५ ला सुनावणी सुरू झाली. समोर नऊ माजी हुंता-सदस्य, बाकावर सहा न्यायाधीश. सरकारी वकील हुलियो स्त्रासेरा आणि त्यांचे तरुण सहायक लुइस मोरेनो ओकाम्पो यांनी हजारो प्रकरणांतून ७०९ निवडली. आठशेहून अधिक साक्षीदार बोलले. आद्रियाना काल्वो या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीने, हात बांधलेल्या अवस्थेत पोलीस गाडीत आपण मुलीला कसा जन्म दिला, हे न्यायालयात सांगितलं. हुंताचं समर्थन करणाऱ्या कित्येक घरांत त्या साक्षीने पहिल्यांदा शंका निर्माण झाली.

निवड का केली? प्रत्येक प्रकरण घेतलं असतं तर आरोपी खटला संपण्याआधी वारले असते. वेगवेगळ्या प्रांतांतली, तिन्ही दलांच्या ताब्यातली, वेगवेगळ्या वर्षांतली प्रकरणं एकाच पद्धतीने घडली हे दाखवलं, की ती पद्धत वरून ठरली होती हे सिद्ध होतं. सेनापतीने स्वतःच्या हाताने कुणाला मारलं नव्हतं. पण हुकूम पाळणारा एक माणूस हलला तरी त्याच्या जागी दुसरा उभा करू शकणारी यंत्रणा ज्याच्या हातात आहे, तो त्या खुनाचा कर्ताच ठरतो, हे न्यायालयाने मान्य केलं.

९ डिसेंबर १९८५ ला निकाल आला. विदेला आणि मासेरा यांना जन्मठेप, व्हियोला यांना १७ वर्षं, लाम्ब्रुस्किनी यांना ८ वर्षं, आगोस्ती यांना साडेचार वर्षं. चौघं सुटले. या सुटकांनी कित्येक कुटुंबांचं काळीज फाटलं, आणि ते साहजिकच होतं. पण ज्या न्यायालयाकडे चौघांना सोडायची मोकळीक आहे, त्याने पाचांना दिलेल्या शिक्षेला सूड म्हणणं कठीण जातं. विदेलांनी न्यायालय मानायला नकार देऊन वकील नेमला नाही, तेव्हा त्यांना सरकारी खर्चाने वकील दिला गेला आणि त्याने मनापासून बचाव केला. ज्यांनी हजारोंना न्यायाधीशासमोर उभं राहू दिलं नाही, त्यांना उलटतपासणीचा पूर्ण हक्क मिळाला. कायद्याचं राज्य परत आलं, हे देशाला त्या दालनात दिसलं.

यानंतर माघार सुरू झाली. निकालातच कनिष्ठ अधिकाऱ्यांवर पुढे कारवाई करावी असं म्हटलं होतं, आणि बराकींत अस्वस्थता वाढली. डिसेंबर १९८६ मध्ये ‘पूर्णविराम’ कायदा आला: ६० दिवसांत ज्याच्यावर कारवाई सुरू होणार नाही, तो कायमचा मोकळा. सरकारला वाटलं होतं की जानेवारीच्या सुट्टीत फार काही होणार नाही. अनेक न्यायालयांनी सुट्टी रद्द केली आणि शेकडो अधिकाऱ्यांवर प्रकरणं नोंदवली. वकिली करणाऱ्या माणसाला याहून अभिमानाचा प्रसंग क्वचितच वाचायला मिळतो. एप्रिल १९८७ मध्ये, पवित्र सप्ताहात, लेफ्टनंट कर्नल आल्दो रिको यांच्या नेतृत्वाखाली काम्पो दे मायो छावणीत बंड झालं. जूनमध्ये ‘आज्ञापालन’ कायदा आला: कनिष्ठांनी वरिष्ठांच्या हुकमावरूनच सगळं केलं असं गृहीत धरायचं. १९८९ आणि १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष मेनेम यांनी माफ्या दिल्या, आणि विदेला, मासेरा घरी गेले.

आता माफीच्या प्रश्नाचं उत्तर. माफीने शांतता येते हे गृहीतक अर्जेंटिनात तपासून झालं आहे. ‘आज्ञापालन’ कायद्यानंतर जानेवारी १९८८ मध्ये मोन्ते कासेरोसला, त्याच वर्षी डिसेंबरात विया मार्तेलीला आणि ३ डिसेंबर १९९० ला पुन्हा बंड झालं. प्रत्येक सवलतीने पुढची मागणी वाढवली. बंडं थांबली ती शेवटचं बंड सैन्याने बळाने मोडून काढल्यावर. आल्फोन्सिन यांच्या अडचणी मी कमी लेखत नाही. नुकतीच जन्मलेली लोकशाही आणि रणगाडे हातात असलेलं नाराज सैन्य, अशा कात्रीत फार थोड्या नेत्यांनी त्यांच्याइतकी हिंमत दाखवली. पण लष्कराला कायद्याच्या कक्षेत आणायचं काम त्यांच्या सवलतींनी पुढे गेलं नाही.

आणि इथेच पहिल्या वर्षातली कामं उपयोगी पडली. ‘आज्ञापालन’ कायद्यात बलात्कार, मालमत्ता बळकावणं आणि मुलांची चोरी यांना सूट नव्हती. आज्यांची संघटना त्या फटीतून आत शिरली, आणि जून १९९८ मध्ये माफी मिळालेल्या विदेलांना मुलं चोरल्याच्या आरोपावरून पुन्हा अटक झाली. मार्च १९८४ मध्ये मंजूर केलेला अमेरिका खंडाचा मानवी हक्क करारही असाच कामी आला. त्या कराराखालच्या आयोगाने १९९२ मध्ये सांगितलं की हे कायदे आणि माफ्या कराराशी विसंगत आहेत. १९९४ च्या घटनादुरुस्तीने हा करार राज्यघटनेच्या दर्जाचा केला. मुलीचं काय झालं ते तरी सांगा, अशी मागणी घेऊन कार्मेन लापाको याच आयोगाकडे गेल्या आणि १९९९ मध्ये सरकारला सत्य जाणून घेण्याचा हक्क मान्य करावा लागला. शिक्षेशिवायचे ‘सत्याचे खटले’ चालले. त्यांत घेतलेल्या साक्षी पुढे खऱ्या खटल्यांत वापरल्या गेल्या.

शेवटी एका प्रकरणाने भिंत पडली. एक तरुण जोडपं १९७८ मध्ये आठ महिन्यांच्या मुलीसह उचललं गेलं. वडील चाकाच्या खुर्चीत होते. मुलगी पळवल्याबद्दल पोलिसांवर खटला चालू शकत होता, पण तिच्या आईवडिलांचा छळ करून त्यांना नाहीसं केल्याबद्दल चालू शकत नव्हता. ही विसंगती न्यायाधीश गाब्रिएल काव्हायो यांनी मार्च २००१ मध्ये मोडून काढली आणि ‘पूर्णविराम’ व ‘आज्ञापालन’ हे दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले. २००३ मध्ये संसदेने ते शून्य ठरवले आणि १४ जून २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून हजाराहून अधिक जणांना शिक्षा झाली. विदेला २०१३ मध्ये तुरुंगात वारले. साक्षीदारांपैकी बरेच जण तोवर वृद्ध झाले होते, काही गेले होते. १९८४ च्या फायली मात्र होत्या.

नातेवाइकांच्या रोजच्या अडचणींकडे मोठ्या चर्चांत दुर्लक्ष होतं. आपल्याकडे सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर कायदा माणसाला मृत मानतो. बेपत्ता माणसाच्या आईला मुलाला मेलेला जाहीर करून घ्यायचं नसतं, कारण त्यातून सरकारचाच हेतू साधतो. पण घर, निवृत्तिवेतन, पुनर्विवाह, मुलांचं पालकत्व हे सगळं अडून बसतं. अर्जेंटिनाने १९९४ मध्ये ‘सक्तीने बेपत्ता झाल्यामुळे गैरहजर’ असा स्वतंत्र कायदेशीर दर्जा निर्माण केला. मृत्यू मान्य न करता वारसांना व्यवहार करता आले. तरतूद उत्तम होती, पण यायला दहा वर्षं लागायला नको होती. ती पहिल्याच वर्षी मागा.

साक्षीदारांचं संरक्षणही तितक्याच तातडीचं आहे. हुकूमशाहीत डांबल्या गेलेल्या हुलियो लोपेस या गवंड्याने २००६ मध्ये पोलीस अधिकारी एचेकोलात्स यांच्याविरुद्ध ला प्लाता इथे साक्ष दिली. निकालाच्या तोंडावर, १८ सप्टेंबर २००६ ला, ते पुन्हा नाहीसे झाले आणि आजतागायत सापडलेले नाहीत. लोकशाही येऊन २३ वर्षं झाली होती.

अर्जेंटिना सर्वांत कमी पडला तो पोलीस ठाण्यात, आणि ज्यांना आज हे काम करायचं आहे त्यांनी ही बाजू सर्वांत बारकाईने अभ्यासावी. सेनापती तुरुंगात गेले तरी गरीब वस्तीतल्या पोराला ‘ओळख पटवायला’ उचलून नेणं चालूच राहिलं. एप्रिल १९९१ मध्ये वाल्तर बुलासिओ या १७ वर्षांच्या मुलाला संगीताच्या कार्यक्रमाबाहेर घाऊक धरपकडीत पकडलं. काही दिवसांत तो वारला. घरच्यांना २००३ मध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयापर्यंत जाऊन दाद मिळवावी लागली. संशयावाचून धरायची ही मुभा देणारे नियम पोलिसांच्या हातात तसेच राहू दिले होते.

तेव्हा नव्या सरकारकडे पहिल्या महिन्यांतच या गोष्टी मागा. माणसाला फक्त जाहीर केलेल्या जागीच ठेवता येईल, आणि त्या जागांची यादी प्रसिद्ध होईल. ताब्यात घेतल्याची वेळ आणि घेणाऱ्याचं नाव लगेच नोंदवलं जाईल आणि ती नोंद नातेवाइकांना पाहता येईल. तपासणारा डॉक्टर पोलीस खात्याचा नसेल. बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज कुणीही, कुणाहीसाठी, साध्या कागदावर करू शकेल, आणि कोठडीतली स्थिती बिघडली तरी करू शकेल. अर्जेंटिनाच्या १९८४ च्या कायद्यात ही शेवटची तरतूद आहे. तिच्याच आधारावर मे २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्युनोस आयर्स प्रांतातल्या खचाखच भरलेल्या कोठड्यांमधल्या सगळ्या कैद्यांसाठी एकत्रित अर्ज मान्य केला आणि अल्पवयीन व आजारी माणसांना पोलीस कोठडीतून हलवायला सांगितलं. न्यायाधीशांची निवड आणि छाननी करताना प्रत्येकाला व्यक्तिशः ऐकून घ्या, सरसकट काढू नका; पण ज्याने असे अर्ज न वाचता निकालात काढले, त्याला बढती मिळणार नाही एवढं पहिल्या दिवशीच लेखी करून घ्या.